उजवा घास, डावा घास

उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं सगळ्यांना झेपत नाही, म्हणून घरोघरी डाव्या सोंडेचाच बसतो. अष्टविनायकांतही उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. मूर्तीची सोंड कुठे वळवायची ते कारागीर ठरवतो. रानातल्या हत्तीची सोंड कुठे वळते, आणि ते कोण ठरवतं?

यावर रीतसर काम झालेलं आहे. श्रीलंकेतले ४१ रानटी हत्ती चरताना पाहून मार्टिन आणि निमिट्झ या दोघांनी २००३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. घास घेताना सोंड डावीकडे वळते की उजवीकडे, एवढंच ते मोजत बसले होते. हत्तीगणिक बाजू ठरलेली निघाली, हा डावा आणि तो उजवा. मात्र सगळा कळप एकाच बाजूचा आहे, असं दिसलं नाही. पुढे बर्लिनच्या संशोधकांनी सोंडेवरच्या मिशांसारख्या राठ केसांकडे पाहिलं. ज्या अंगाला सोंड वळते ते अंग जन्मभर जमिनीला घासतं, त्यामुळे तिथले केस झिजून आखूड होतात. म्हणजे हत्ती प्रत्यक्ष जेवताना दिसला नाही तरी त्याच्या सोंडेवरून तो कुठल्या अंगाने जेवतो ते सांगता येतं. सुळ्यांचंही असंच असतं. साली सोलायला, मुळं उकरायला हत्ती एक सुळा जास्त वापरतो आणि तो दुसऱ्यापेक्षा आखूड होतो. दोडामार्गच्या बागायतदाराला हे सांगितलं तर तो म्हणेल, माझा माड कुठल्या अंगाने पडला याने मला काय फरक पडतो? त्याचंही खरंच आहे.

हत्तीचं उदाहरण आधी घेतलं कारण त्यात या विषयाची मुख्य गाठ आहे. प्रश्न इथे दोन आहेत आणि लोक ते हमखास एकात एक मिसळतात. एका प्राण्याला एक बाजू सोयीची का वाटते, हा पहिला. अख्ख्या जमातीला तीच बाजू का सोयीची वाटते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर फार अवघड नाही. एकच काम शंभरदा करायचं तर दरवेळी हात बदलण्यापेक्षा एक हात तरबेज करणं परवडतं. दुसरा प्रश्न खरा चिवट आहे. माणसांत दहातले नऊ उजवे असतात. ते चार-सहा असते किंवा पाच-पाच असते तर प्रत्येकाचं वैयक्तिक कौशल्य काही कमी झालं नसतं. मग एवढी एकी कशासाठी?

पूर्वी याला उत्तर होतं: भाषा. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात असतं, डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, म्हणून आपण उजवे. आणि जनावर बोलत नाही, म्हणून त्याला डावं-उजवं नाही. ही मांडणी दीर्घकाळ चालली. आता ती टिकत नाही. २०१३ मध्ये स्ट्रॉकेन्स, गुंटुर्क्युन आणि ओक्लेनबुर्ग यांनी हात, पाय किंवा पंजा कुठला वापरतात यावर उपलब्ध असलेलं काम एकत्र केलं. पाठीचा कणा असलेल्या, माणूस सोडून ११९ जाती त्यात होत्या. त्यातल्या ६१ जातींत अख्ख्या जमातीचा कल एका बाजूला होता, २० जातींत कल फक्त ज्याचा त्याचा होता, आणि ३८ जातींत काहीच नव्हतं. म्हणजे कल असणं हा नियम ठरतो आणि नसणं हा अपवाद. अर्थात या ११९ जातींतल्या कित्येकांचं निरीक्षण पिंजऱ्यात झालेलं आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला घास कुठून मिळतो, दार कुठल्या बाजूला आहे, अन्न देणारा माणूस कुठल्या हाताचा आहे, या सगळ्याची त्याला सवय लागते. म्हणून या लेखात शक्य तोवर मोकळ्या प्राण्यांवरच भर देतो.

मोकळ्या प्राण्यांत पंचाईत अशी की ते जेवताना दिसले पाहिजेत. समुद्रातले तर दिसतही नाहीत. तिथे खुणा वाचाव्या लागतात.

करडा देवमासा एका कुशीवर वळून तळाचा गाळ तोंडात ओढतो आणि त्यातले बारीक जीव गाळून घेतो. कासुया आणि राइस यांनी १९७० मध्ये दाखवलं की बहुतेक करड्या देवमाशांची उजवी कूस तळाला असते. हे त्यांना कळलं ते डोक्यावरच्या बार्नकलवरून. खडकाला चिकटतात तसेच हे शिंपलेवाले जीव देवमाशाच्या कातडीला चिकटतात, आणि उजव्या बाजूला ते घासून निघाल्याने कमी होते. तोंडातली गाळणीसारखी पट्टीही त्याच बाजूला झिजलेली होती. हंपबॅक देवमाशांच्या जबड्यावर खरचटल्याच्या खुणा असतात. क्लॅपहॅम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अशा ७५ देवमाशांच्या खुणा तपासल्या. ६० जणांचा उजवा जबडा खरचटलेला होता, १५ जणांचा डावा. माणसांतल्या प्रमाणाच्या बरंच जवळ जाणारा हा आकडा आहे.

निळ्या देवमाशाने मात्र गणितात खोच मारली. कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात ६३ निळ्या देवमाशांच्या पाठीवर मोजणीची यंत्रं चिकटवून फ्रीडलेंडर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या २,८००हून अधिक झेपा नोंदवल्या; हा निबंध २०१७चा. खोल पाण्यात क्रिलच्या दाट थव्यावर जाताना हा प्राणी अंग साधारण काटकोनात कलवतो, आणि तेव्हा बहुतेक जण उजवीकडे कलतात. तोच प्राणी पृष्ठभागाजवळ लहान थव्यावर जातो तेव्हा खालून वर येत पूर्ण गिरकी घेतो, आणि ही गिरकी डावीकडे असते. संशोधकांचा कयास असा की डावीकडे फिरताना उजवा डोळा भक्ष्यावर राहतो. एकच देवमासा, दोन कामं, दोन बाजू. आपल्याला हे नवीन वाटायला नको. सचिन तेंडुलकरने धावांचे डोंगर रचले ते उजव्या हाताने आणि सह्या केल्या त्या डाव्याने. तो डावखुरा की उजवा, असं विचारणाऱ्याला आधी ‘कशासाठी?’ असं विचारावं लागेल. प्राण्यांवरच्या अर्ध्याअधिक वादांचं मूळ या न विचारलेल्या ‘कशासाठी’त आहे.

समुद्रातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण बहामाच्या बिमिनी बेटांजवळचं. तिथले बॉटलनोज डॉल्फिन वाळूच्या तळाशी डोकं खाली करून पोहतात, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाळूत लपलेला मासा हेरतात, आणि मग एकदम वळून वाळूत तोंड खुपसतात. कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशी ७०९ वळणं मोजून प्रसिद्ध केली. त्यातली ७०५ डावीकडे होती. उरलेली चार एकाच डॉल्फिनची, आणि त्याचा उजवा पर वेगळ्या घडणीचा होता. डावीकडे वळलं की उजवी कूस आणि उजवा डोळा तळाकडे येतो. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचे काही डॉल्फिन माशांना चिखलाच्या काठावर हाकलतात आणि स्वतःही सळसळत काठावर चढतात, तेही उजव्या कुशीवर. वॉलरसला वर्षाचे बहुतेक दिवस बर्फाच्या शेजारी काढायचे असतात, पण त्याचा खुराक मात्र चिखलात रुतलेली शिंपलं. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पाणबुड्यांनी त्याच्याजवळ जाऊन चित्रण केलं. २००३च्या त्या निबंधानुसार चिखल बाजूला सारायला वॉलरस हातासारखा पर वापरतो तेव्हा दहातल्या जवळजवळ नऊ वेळा उजवा. मग संग्रहालयातल्या सांगाड्यांची मापं घेतली, तर उजव्या पराची हाडं डाव्यापेक्षा लांब निघाली. पाण्यात पाहिलेलं हाडात सापडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वर ‘उजवा डोळा’ दोनदा आला, तो उगीच नाही. ज्या प्राण्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यांच्यात हात कुठला हा प्रश्न पुष्कळदा डोळा कुठला या प्रश्नातून सुटतो. उजव्या डोळ्यातली खबर मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागात जाते, डाव्याची उजव्यात. आणि पक्ष्यांत तरी हे दोन भाग एकाच कामाचे नाहीत. डावा भाग दाणा आणि खडा वेगळा ओळखण्यात पटाईत. उजवा भाग ससाण्याची सावली टिपण्यात.

कोंबडीच्या पिलांवरचं लेस्ली रॉजर्स यांचं काम या बाबतीत पायाभूत आहे. अंड्यात शेवटच्या दिवसांत पिलू अशा रीतीने वळलेलं असतं की त्याचा उजवा डोळा कवचाकडे आणि डावा अंगाखाली. कवचातून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो, आणि दोन डोळ्यांची विभागणी पक्की होते. अंडी अंधारात उबवली तर ही विभागणी नीट होत नाही. २००४ मध्ये रॉजर्स, झुक्का आणि व्हालोर्तिगारा यांनी दोन्ही तऱ्हेची पिलं एकाच परीक्षेला बसवली: खड्यांतून दाणे वेचायचे आणि वरून ससाण्याची आकृती फिरत असताना सावधही राहायचं. उजेडातली पिलं दोन्ही करू शकली. अंधारातली गोंधळली. मुलाला कडेवर घेऊन भाकरी थापणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगायला नको.

हा प्रयोगशाळेतला प्रकार झाला. उघड्यावरचा पुरावा शेकाट्याचा. हा पक्षी आपल्याकडे कुठल्याही तळ्याकाठी, भिगवणच्या पाणथळीत, अगदी गावाबाहेरच्या सांडपाण्याच्या डबक्यातही सापडतो. पाय लाल आणि काडीसारखे लांब, पंख काळे, पोट पांढरं, आणि ऐट अशी की चिखलातही धोतर सावरून चालतोय. इटलीत या जातीचं निरीक्षण करून २००५ मध्ये व्हेंतोलिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उजव्या डोळ्याच्या बाजूला दिसलेल्या किड्यावर शेकाट्या जास्त वेळा चोच मारतो आणि त्यात यशही जास्त मिळवतो. मादीच्या बाबतीत मात्र उलट. डाव्या डोळ्याच्या बाजूला दिसलेल्या मादीपुढे नर जास्त नाचतो.

पोपटांत डोळा आणि पाय यांचा सांधा उघडच दिसतो. पेरू किंवा मिरची एका पायात धरून दुसऱ्यावर उभा राहणारा राघू सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचा धरायचा पाय कुठला हे पाहण्याची तसदी थोड्यांनी घेतली. ऑस्ट्रेलियात मगट आणि ब्राऊन यांनी पोपटांच्या सोळा जाती पाहून २०११ मध्ये मांडलं की जो डोळा वापरून पक्षी अन्न न्याहाळतो त्याच बाजूचा पाय तो उचलतो. बऱ्याच जाती डाव्या आहेत, काही उजव्या. पिवळ्या तुऱ्याचा पांढरा काकाकुवा जवळजवळ सगळाच्या सगळा डावा. ज्या लहान जाती जमिनीवर गवताचं बी टिपतात आणि पायाने काही धरतच नाहीत, त्यांच्यात कल आढळत नाही. हे मला फार बोलकं वाटतं, कारण कल कामासोबत आला आहे, जातीच्या नावासोबत नाही. कांगारूंनीही याच दिशेने पुरावा दिलाय. गिल्योव्ह, करेनिना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की दोन पायांवर उभे राहणारे तांबडे आणि पूर्वेकडचे करडे कांगारू खाताना बहुधा डावा हात वापरतात. चार पायांवर चालणाऱ्या शिशुधान प्राण्यांत हा कल नव्हता. हात चालण्यातून मोकळा झाला की त्याला बाजू फुटते, असा याचा सरळ अर्थ.

इथवरच्या प्राण्यांनी आपली बाजू आपल्या सोयीने निवडली. आता दुसऱ्याच्या सोयीने, किंवा गैरसोयीने, ठरलेल्या बाजूंकडे येतो. माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात पेरिसोडस मायक्रोलेपिस नावाचा वीतभरही नसलेला मासा राहतो. हा दुसऱ्या माशांची खवलं खातो. मागून गुपचूप येतो, कुशीवर झडप घालतो, अंगाला झटका देऊन तोंडभर खवलं ओरबाडतो आणि निसटतो. त्याचं तोंड वाकडं असतं. उजवीकडे वळलेल्या तोंडाचा मासा भक्ष्याच्या डाव्या कुशीवर जातो, डावीकडे वळलेल्या तोंडाचा उजव्या कुशीवर. जपानच्या मिचिओ होरी यांनी वर्षानुवर्षं या माशांचे नमुने घेतले आणि १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं की दोन्ही तऱ्हांचं प्रमाण साधारण निम्मंनिम्मं असतं, पण स्थिर नसतं. पाचेक वर्षांच्या फेऱ्यात कधी डावे जास्त, कधी उजवे जास्त.

का, ते कबड्डीच्या मैदानावरून कळेल. चढाईपटू सारखा डाव्या कोपऱ्यावर यायला लागला की संघ तिकडे टपून बसतो. मग उजव्या कोपऱ्यावर जाणाऱ्याला गुण मिळायला लागतात. सरोवरात उजव्या तोंडाचे जास्त झाले की भक्ष्यमासे डावी कूस जपायला लागतात. मग डाव्या तोंडाच्यांचं फावतं, त्यांची पोटं भरतात, त्यांची पिलं जास्त होतात आणि काट्याचं पारडं फिरतं. अल्पसंख्य असणं हाच फायदा. म्हणून एकी जमत नाही, आणि दोन्ही बाजू टिकून राहतात.

गोष्ट एवढी गोड आहे की ती पाठ्यपुस्तकांत गेली. आणि पाठ्यपुस्तकांत गेलेल्या गोष्टींचं होतं ते हिचंही झालं. २०१२ मध्ये कुश, ली आणि मायर यांनी सरोवरातल्या माशांच्या तोंडांची बारकाईने मापं घेतली, तर डावे आणि उजवे असे दोन स्वच्छ गट सापडेनात. थोडी वाकडी, जास्त वाकडी, जवळजवळ सरळ अशी अखंड रांगच निघाली. पुढे ताकेउची आणि ओदा यांनी २०१७ मध्ये पिलांवरचं काम प्रसिद्ध केलं. लहान मासे सुरुवातीला दोन्ही कुशींवर झडप घालतात. ज्या बाजूने झडप जोरकस बसते ती बाजू अनुभवाने त्यांच्या लक्षात येते आणि मग ते तिलाच धरून राहतात. म्हणजे थोडा जन्मजात कल आणि त्यावर सरावाची पुटं. होरींची मूळ कल्पना याने मोडीत निघत नाही, पण ‘दोन जातीचे वाकड्या तोंडाचे मासे’ हे चित्र जरा जास्तच रेखीव होतं, एवढं मान्य करायला हवं.

याच तऱ्हेचा हिशेब सेलफिशचा. हे मासे टोळीने सार्डिनच्या थव्याला घेरतात आणि आळीपाळीने लांब टोकदार जबड्याने डावीकडे किंवा उजवीकडे फटकारा मारतात. कुर्व्हर्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या निबंधात असं दिसलं की प्रत्येक सेलफिशची फटक्याची बाजू ठरलेली आहे, आणि ज्याची बाजू जास्त पक्की त्याला यशही जास्त. पण टोळीत डावे-उजवे मिसळलेले असतात, त्यामुळे पुढचा फटका कुठून येणार हे सार्डिनला ओळखता येत नाही. एकटा पक्का, टोळी बेभरवशाची. चांगल्या गोलंदाजीच्या फळीत डावखुरा असावा म्हणतात ते याचसाठी.

मग काही जमातींत अख्खी जमात एकाच बाजूची कशी? एक उत्तर असं की भक्ष्यच एका बाजूचं असतं. जपानच्या दक्षिण टोकाला इशिगाकी आणि इरिओमोते बेटांवर इवासाकी यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साप आहे. तो गोगलगायी खातो. शंख फोडत नाही, गिळतही नाही. मागून येतो, मान कलती करतो, खालचा जबडा शंखाच्या तोंडातून आत सारतो आणि डावा-उजवा जबडा आळीपाळीने मागेपुढे करत मांस बाहेर ओढतो. जगातल्या बहुतेक गोगलगायींचे शंख उजव्या वळणाचे असतात, म्हणून सापाची मान दरवेळी डावीकडेच कलते. होसो, असामी आणि होरी यांनी २००७ मध्ये या सापाचे दात मोजले. खालच्या जबड्यात उजवीकडे सरासरी पंचवीस, डावीकडे अठराच्या आत. अंड्यातून बाहेर येतानाच तो उजव्या शंखांसाठी घडलेला असतो. डाव्या वळणाची गोगलगाय समोर आली की त्याचा जबडा भलत्याच जागी पडतो, आणि बहुतेक वेळा ती सुटते.

आता गोगलगायीच्या बाजूने पाहा. डाव्या वळणाची गोगलगाय सापापासून वाचते, पण तिला जोडीदार मिळत नाही, कारण शंखाचं वळण उलटं म्हणजे अवयवांच्या जागाही उलट्या, आणि उजवीशी तिचं जमत नाही. त्यामुळे डाव्या गोगलगायी सहसा दुर्मीळ राहतात. होसो यांनी २०१० मध्ये दाखवलं की जिथे असे गोगलगायखाऊ साप आहेत तिथे डाव्या वळणाच्या जाती अधिक सापडतात. एका जनुकाने वळण उलटतं, साप त्यांना वाचवतो, आणि आपसांत संग होत होत वेगळी जातच तयार होते. सापाच्या जेवणाच्या पद्धतीने गोगलगायीची नवी जात घडवली. असं वाक्य लिहायला धीर लागतो, पण पुरावा भक्कम आहे.

शंखाचा विषय निघाला तर एक घोळ निस्तरून टाकतो. देवघरातला ‘दक्षिणावर्ती शंख’ म्हणजे लाखांत एखादा सापडणारा, लक्ष्मीचा मानलेला. जीवशास्त्राच्या भाषेत तो डाव्या वळणाचा असतो. शास्त्रज्ञ शंखाचं टोक वर धरतात, परंपरेत धरायची रीत वेगळी, म्हणून नावं उलट झाली. वस्तू मात्र तीच, बहुसंख्यांच्या उलट वळलेली. अशा उलट शंखाचा फायदा सापाच्या आधीच खेकड्यांनी सिद्ध केला होता असं म्हणायला जागा आहे. कॅलप्पा नावाच्या पेटीसारख्या खेकड्याच्या उजव्या नांगीवर एक खास दात असतो. त्याने तो शंखाची कड डबा उघडायच्या किल्लीसारखी सोलत जातो. डाव्या शंखाला ही किल्ली लागत नाही. डीटल आणि हेंड्रिक्स यांनी २००६ मध्ये शंखांवरच्या खेकड्यांच्या व्रणांवरून दाखवलं की डाव्या वळणाच्या जाती या हल्ल्यांतून जास्त वाचल्या.

न्यूझीलंडचा रायबिल या यादीत एकटाच बसतो. दक्षिण बेटावरच्या गोट्यांनी भरलेल्या नदीपात्रांत हा चिमुकला पक्षी गोट्यांखालचे किडे टिपतो, आणि त्याची चोच टोकाला उजवीकडे वळलेली असते, सगळ्या पक्ष्यांची, दरवेळी. गोट्याला डावं-उजवं नसतं, तेव्हा भक्ष्याचं कारण इथे चालत नाही. क्रॉसबिलची चोच कात्रीसारखी एकमेकींवर चढते, पाइनच्या शंकूंतून बी काढायला. तिथे पुष्कळ ठिकाणी निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे.

न्यू कॅलेडोनियाच्या कावळ्यांची नोंद खुद्द पानावर सापडते, आणि ते पान आपल्या ओळखीचं आहे. हे कावळे पँडानसच्या पानाच्या काटेरी कडेची पट्टी कापून काढतात आणि तिचे काटे आकड्यासारखे वापरून भोकातले किडे ओढतात. पँडानस म्हणजे केवड्याचं कूळ. कोकणात केवडा तोडताना ज्याचे हात ओरखडलेत त्याला हे काटे किती कामाचे असतील ते सांगायला नको. पट्टी काढून घेतली की पानावर तिच्या आकाराची खाच उरते, आणि ती कुठल्या कडेची आहे हे वर्षभराने आलेल्या माणसालाही वाचता येतं. गेविन हंट आणि सहकाऱ्यांनी अशा साडेतीन हजारांहून जास्त खाचा पाहिल्या, २००१चा निबंध. कावळे डावी कड जास्त पसंत करतात. झाडाची पानं मळसूत्रासारखी कुठल्या दिशेने फिरत वाढतात यावर ही पसंती अवलंबून नव्हती, त्यामुळे झाडाच्या ठेवणीचं कारण बाद झालं. तयार हत्यार वापरताना मात्र प्रत्येक कावळ्याची आपापली बाजू असते. घडवताना एकी, वापरताना ज्याची त्याची मर्जी.

वानरांकडे शेवटी आलो, कारण तिथे सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त भांडण आहे. १९८७ मध्ये मॅकनिलेज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक मांडणी केली की झाडावर राहणाऱ्या आदिम पूर्वजांनी उजव्या हाताने फांदी धरली आणि डाव्याने भक्ष्य पकडलं. जमिनीवर उतरल्यावर धरायचं काम संपलं आणि उजवा हात बारीक कामाला लागला. मांडणी सुबक आहे. तिच्या बाजूचे पुरावे मिळतात आणि विरोधातलेही. टांझानियात गोम्बेचे चिंपांझी वारुळात काडी घालून वाळवी काढतात. लॉन्सडॉर्फ आणि हॉपकिन्स यांनी २००५ मध्ये दाखवलं की या कामात त्यांचा कल डाव्या हाताकडे आहे. दगडाने फळं फोडणाऱ्या चिंपांझींत एकेकाचा हात अगदी पक्का ठरलेला, इतका की आयुष्यभर बदलत नाही. रवांडातल्या कॅरिसोके इथे बर्न दांपत्याने पर्वती गोरिला खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याच्या घड्या घालून कसे खातात ते १९९१ मध्ये नोंदवलं. पानाची दंशकारक बाजू आत दुमडून, ओठांना न लावता घास करायचा, हे दोन हातांचं नाजूक काम. प्रत्येक गोरिलाची पद्धत ठाम होती आणि सगळ्यांचा मिळून उजवीकडे किंचित कल.

पण रिचर्ड पामर यांनी २००२ मध्ये चिंपांझींच्या जुन्या आकड्यांवर चांगलीच टाच आणली. ज्यांची निरीक्षणं थोडी त्यांच्यातच उजवेपणा मोठा दिसतो, हे त्यांनी दाखवलं. शिवाय एकाच चिंपांझीने एकाच बैठकीत पन्नास घास उजव्या हाताने घेतले तर ते पन्नास पुरावे नव्हेत, एकच पुरावा. हा मुद्दा साधा वाटतो, आणि बऱ्याच निबंधांतून तो सुटलेला आहे. नंतर सुमारे १,८०० वानर-माकडांना नळीतलं खाऊ काढायला लावून केलेल्या मोठ्या तुलनेत असंच दिसलं की एकट्याचा हात पक्का असणं सर्रास आहे. माणसासारखी अख्ख्या जमातीची एकी मात्र कुठल्याच जातीत नाही.

एकी कशी येते, यावर घिरलांदा आणि व्हालोर्तिगारा यांनी २००४ मध्ये एक गणित मांडलं. थव्याने राहणाऱ्या भक्ष्याला संकटात सगळ्यांनी एकाच बाजूला वळणं फायद्याचं, कारण एकटा पडला तो गेला. पण सगळेच एका बाजूला वळले तर शिकारी शिकतो, म्हणून थोडे उलटे वळणारेही तगतात. बहुसंख्य एका बाजूला आणि काही दुसरीकडे, असं मिश्रण त्यातून आपोआप निघतं. माझ्या आजीला हे गणित ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ताटात डावी-उजवी बाजू होती, डावीकडे लोणचं आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आणि जेवायचा हात एकच. माझा डावा हात भाताकडे गेला की ती पाटाखाली दाबून ठेवायची. मी आजही लिहितो डाव्याने आणि जेवतो उजव्याने. कुणी मला मोजायला बसला तर त्याच्या वहीत मी कुठल्या रकान्यात जाणार?

गेल्या वर्षी ओहोटीच्या वेळी मालवणजवळच्या खाडीकाठी बराच वेळ बसलो होतो. चिखलावर फिडलर खेकड्यांची जत्रा भरली होती. मादीच्या दोन्ही नांग्या लहान. ती दोन्ही हातांनी चिखल उचलून तोंडात घालत होती, एक-दोन, एक-दोन, शेवया वळाव्यात अशा लयीत. नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, आणि ती तोंडापर्यंत पोचतच नाही. तो एकाच लहान नांगीने जेवतो, म्हणून त्याला मादीपेक्षा जास्त वेळ लागतो. बऱ्याच जातींत पिल्लू नराच्या दोन्ही नांग्या वाढायच्या बेतात असतात. त्यातली एक कशाने तरी तुटते, आणि राहिली ती मोठी होते. म्हणून उजवे-डावे जवळपास सारखे. काही जातींत मात्र बहुतेक नर उजवे. माझ्या समोरचा उजव्या मोठ्या नांगीचा होता, त्यामुळे डावखुरा जेवत होता. होडी ओढून ठेवणारा म्हातारा माझ्याकडे पाहत थांबला. त्याला विचारलं, हा मोठ्या हाताने का नाही जेवत? तो म्हणाला, “तो हात जेवूचो नाय, दाखवूचो.”

मादी जवळून गेली तशी नराने मोठी नांगी वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. लहान नांगी त्या वेळीही चिखल उचलतच होती.